न विचारता सांगणारा माणूस

लेम ऑक्स, वायोमिंग टेरिटरी
सप्टेंबर १८८४, बुधवार (तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे, पण उठायचा कंटाळा आला आहे)

आदरणीय ड्रुसिला आत्याबाईंस,

लव्हिनियाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनानं. कमरेनं वाकायचं ते सकाळी चुलीपुढे एकदा होतं, पुढे दिवसभर नाही.) तुमचं पत्र पोचलं. तुमच्या गुडघ्यांना उतार आहे हे वाचून बरं वाटलं. एल्मरकाकांचा दमा, नव्या पाद्रीबाबांचा बसलेला घसा आणि तुमच्या मांजरीचं बाळंतपण, सगळ्यांची खुशाली कळली. मी ठीक आहे. म्हणजे हातपाय जागेवर आहेत, दात आहेत, डोक्यावर छप्पर आहे. थकवा आहे, पण तो आता घरातलाच झाला आहे. त्याचं ताट मांडल्याशिवाय माझ्याकडे जेवण सुरू होत नाही.

पत्रास कारण म्हटलं तर काहीच नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुमच्या पत्राच्या शेवटच्या पानावर तुम्ही एका दमात विचारलं आहे की तुझ्या खाणावळीत कुणी पुरुष राहतो आणि तो तुझी भांडी पुसतो असं कानावर आलं ते खरं का, तो कोण, कुठला, पोटापाण्याला काय करतो, आणि त्याचं लग्न झालेलं आहे का. आत्याबाई, तुम्ही ओहायोत आहात म्हणून बरं. इथं कुणी एवढे प्रश्न एकदम विचारले असते तर एव्हाना त्याला पुरून वर दगड ठेवला असता. खाणावळीत पुरुष राहतात, तो माझा धंदाच आहे. भांडी पुसतो हे खरं. आणि तो येत्या शनिवारच्या टपालगाडीनं कायमचा चालला आहे, तेव्हा तुम्ही काळजी करू नये. मी तर मुळीच करत नाही. आत्ता पिठाच्या पिंपावर बसून लिहिते आहे आणि बिस्किटं करपल्याचा वास येतो आहे, पण तो गेला आठवडाभर रोजच येतो, त्याचा या गोष्टीशी संबंध नाही.

सगळं सांगायचं तर आधी इथली रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला आम्ही सगळे ठार वेडे वाटू. (वाटलो तरी हरकत नाही, पण कारण तरी बरोबर असावं.) इथं माणसाला ‘कुठले तुम्ही?’ असं विचारत नाहीत. ते त्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे. प्रत्येकजण मागे काहीतरी टाकून आलेला आहे. कुणी बायको, कुणी कर्ज, कुणी आडनाव. जो जे नाव सांगेल ते त्याचं नाव. नाही सांगितलं तर आपण ठेवू ते. मी विधवा, ऑरिनच्या मागे एकटीनं ही खाणावळ चालवली ती या एका रीतीवर. (ऑरिन पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेला, चार भिंती आणि निम्मं छप्पर ठेवून. उरलेलं निम्मं मी स्वतः घातलं, आणि ते गळायचं ते माझंच निम्मं, हेही कबूल करते.) मी कुणाला काही विचारत नाही, मला कुणी काही विचारत नाही. घर माझ्या नावावर आहे, निवडणुकीत मत देते, आणि माझ्या टेबलावर माझे दोनच नियम आहेत. पिस्तुलं बाहेर ओसरीवरच्या खुंट्यांना टांगायची, आणि अ‍ॅपल पाय वाढून होईपर्यंत कुणी ताटावरून उठायचं नाही. देवाच्या दहा आज्ञांमधल्या किती पाळल्या जातात ते मला माहीत नाही, पण माझ्या दोन पाळल्या जातात.

तर एप्रिलमध्ये, चिखलाच्या दिवसांत, ओटिसच्या टपालगाडीतून हा गृहस्थ उतरला. (ओटिस ग्रब आमचा गाडीवान. म्हातारा आहे, माझ्याकडेच जेवतो, आणि खेचरांना शिव्या देण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या टेरिटरीत कुणी नाही.) हा उंच, खांद्यात जरा वाकलेला, कान गरजेपेक्षा मोठे, आणि पाठीवर लोखंडी सळ्यांची मोळी. घरावर वीज पडू नये म्हणून छपरावर उभ्या करतात त्या सळ्या. विकायला आलो म्हणाला. आमच्याकडे वीज पडते ती गुरांवर, आणि गुरांवर सळी बसवता येत नाही, पण ते जाऊ दे. जेवायला बसला. बिस्किटांची टोपली त्याच्यापर्यंत पोचायच्या आत यानं सुरुवात केली. मी कॅलेब ट्विग, मूळचा पेनसिल्व्हेनियाचा, वडील पिंपं बनवायचे, आई लहानपणीच वारली, एक बहीण आहे ती क्विन्सीला दिली, तिला जुळी झाली, मला स्वतःला कोबी सोसत नाही, आणि माझ्या मनात लपवण्यासारखं काहीही नाही.

टेबलावरचे काटे जागच्या जागी थांबले. यार्डली बंधूंनी एकमेकांकडे पाहिलं. (क्लेम आणि रूफस यार्डली. घोड्यांचा व्यापार. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत सभ्य तेच. चादरीवर बुटांसकट झोपायचे नाहीत आणि रोज न चुकता ‘बाई, बिस्किटं काय झालीत!’ म्हणायचे.) जेवण उरकल्यावर ओटिस मागच्या दारानं स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, “बाई, हा माणूस सरकारी आहे.”

“कशावरून?”

“त्याला कुणी विचारलं होतं का काही?”

“नाही बुवा.”

“मग सांगितलं कशाला?”

बरं, एकदा सांगून थांबला असता तर म्हटलं असतं प्रवासाचा शीण असेल. पण दुसऱ्या दिवशी त्यानं तीच कथा फिंचच्या वाणसामानाच्या दुकानात सांगितली, मग न्हाव्याकडे, मग प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर, शब्दाला शब्द तीच. खरं सांगणारा माणूस कधीतरी अडखळतो, बहिणीचं गाव विसरतो. हा स्तोत्र म्हटल्यासारखा घडाघडा. आठवडा व्हायच्या आत गावात कळलं नाही असं माणूस उरलं नाही, की कॅलेब ट्विग हा मार्शलच्या कचेरीतून वेष पालटून आलेला डेप्युटी आहे. यालाच आपण हात दाखवून अवलक्षण म्हणतो. (पुढे त्यानं मला सांगितलं, की वरच्यांनी त्याच्याकडून ही कथा महिनाभर घोकून घेतली होती. कुणी असं विचारलं तर तसं सांग. आणि इथं आला तर विचारणारंच कुणी नाही. त्याला वाटलं, संशय आला म्हणूनच गप्प आहेत. घाबरून सगळं एकदम ओकला.)

पण तोंडावर कोण बोलणार? रीत आहे ना. आणि कुणासाठी आला आहे हे तरी कसं विचारणार? तेव्हा चोराच्या मनात चांदणं, या न्यायानं प्रत्येकानं ठरवून टाकलं की हा आपल्यासाठीच आला. फिंचचा तराजू एका दुपारीत बरोबर वजन दाखवायला लागला. ओटिस युद्धात कधीतरी पलटणीतून पळाला होता, त्यानं खेचरांना शिव्या देणं सोडलं, आणि खेचरांनी गोंधळून चालणं सोडलं. गुत्तेवाला दारूत पाणी घालेनासा झाला, त्यानं दोन माणसं आजारी पडली. आमच्या पाद्रीबाबांनी लागोपाठ काही रविवार स्वतःचं प्रवचन स्वतः लिहिलं, ते तर गावाला फारच जड गेलं. सबंध उन्हाळा गाव इतकं सज्जन झालं होतं आत्याबाई, की इथं राहवेना. आणि घोडे? घोडेचोर पकडायलाच तर त्याला पाठवलेलं. आधी दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या कुरणातून घोडे जायचे. तो आल्यापासून एक शिंगरू हललं नाही. बिचारा पुरावा शोधत वणवण हिंडायचा, वरून बोलणी खायचा, आणि जेवायला येऊन रूफस यार्डलीला म्हणायचा, “जरा रस्सा सरकवता का?” आणि रूफस सरकवायचा. काखेत कळसा म्हणतात तो हाच. पण मलाही ठाऊक नव्हतं हो. यार्डलींकडे नेहमी नवे घोडे असायचे, ते कुठून येतात हे मी कधी विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं.

आता भांड्यांचं. सळ्या विकणारा म्हणवतो तर चार सळ्या तरी विकल्या जायला हव्यात. कुणी घेईना. म्हणून त्यानं त्या माझ्या छपरावर फुकट बसवल्या. मग तबेल्यावर. मग कोंबड्यांच्या खुराड्यावर. आता लांबून पाहिलं तर माझी खाणावळ साळिंदरासारखी दिसते. छपरावर चढला तेव्हा त्याला ते माझं निम्मं छप्पर दिसलं. काही बोलला नाही. खाली उतरून खिळे मागितले. चार दिवस वर बसून सगळं नीट केलं, आणि त्या पावसात पहिल्यांदा मी झोपण्याआधी बादली मांडली नाही. आत्याबाई, एवढी वर्षं मी त्या बादलीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत झोपले आहे. तो आवाज नव्हता तर मला रडू आलं. थकले असेन.

त्यानंतर तो संध्याकाळी भांडी पुसायला उभा राहू लागला. मी धुवायची, तो पुसायचा. तो सरकारी माणूस आहे हे मला माहीत, मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही, आणि मी सांगू शकत नाही. तो आपला त्या क्विन्सीच्या बहिणीबद्दल बोलायचा. जुळ्यांना दात आले, एकाला गोवर निघाला, बहिणीचा नवरा जरा कंजूष आहे. सगळं खोटं हे कळत असूनही हळूहळू मला त्या बाईची माया लागली. जुळ्यांसाठी मोजे विणायला घेतले होते. (पुढे सगळं उघड झाल्यावर तो मान खाली घालून म्हणाला की बहीण मुळात नाहीच. मला ठाऊक होतं, तरी दोन दिवस मी सुतकात असल्यासारखी होते. मोजे तसेच आहेत, तुमच्याकडे कुणाला जुळी झाली तर कळवा.)

असं सगळं ठप्प चाललेलं असताना ऑगस्टच्या शेवटी मिस अल्मायरा टॉल्मन आल्या. शाळेच्या नव्या बाई, थेट बॉस्टनहून. टपालगाडीतून उतरल्या, हात धुतले आणि दुपारच्या जेवणाला बसल्या. मी आत बीन्स काढत होते. बाहेरून त्यांचा गोड, स्वच्छ, शाळेतला आवाज आला, “मिस्टर यार्डली, बाहेर ती कपाळावर पांढरा ठिपका असलेली घोडी तुमची का? किती सुरेख आहे! कुठून घेतलीत?”

आत्याबाई, इतक्या वर्षांत त्या दोघांना हे कुणी विचारलंच नव्हतं. खोटं बोलायचं तर त्याची तयारी लागते. कॅलेब ट्विगकडे न विचारलेल्या शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ होती, आणि यार्डलींकडे या एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. क्लेम म्हणाला, “लॅरमीला घेतली.” त्याच क्षणी रूफस म्हणाला, “मामानं दिली.” मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग क्लेम म्हणाला, “लॅरमीचा मामा.” इथवरही निभावलं असतं. पण मिस टॉल्मननी हसून विचारलं, “अगबाई, मग मामाकडून विकत घेतलीत का?” आणि रूफसचा धीर सुटला. तो उठला.

पिस्तुलं सगळ्यांची बाहेर. तेव्हा रूफस दाराकडे, ट्विग दाराकडे, क्लेम दाराकडे, आणि माझं दार तर एका माणसाचं आहे. तिघे त्यात अडकले. मी बीन्सचं पातेलं घेऊन बाहेर आले तर रूफसच्या हातात माझी मांस कापायची सुरी, ती ट्विगच्या गळ्याशी, आणि ट्विगच्या हातावरून रक्त ओघळतंय. मला भीती वाटली. सरळच लिहिते. एवढंच मनात आलं की ही सुरी आणखी एक बोट पुढे गेली तर या टेबलावर मी पुन्हा कधी कुणाला वाढू शकणार नाही. आणि मग मला राग आला, म्हणजे इतका राग, की एवढ्या वर्षांची कंबरदुखी, कपड्यांचे ढीग, ऑरिनचं अर्धवट छप्पर, सगळं त्या एका रागात आलं. मी पातेलं दाणकन ठेवलं आणि म्हटलं, “अ‍ॅपल पाय अजून वाढायचा आहे. ताटावरून उठायला कुणी सांगितलं?”

आणि ते बसले. खरंच बसले हो. क्लेम आधी बसला, सवयीनं. मग ट्विग, हाताला रुमाल गुंडाळून. रूफस जरा घुटमळला, सुरी कुठे ठेवावी ते त्याला समजेना, मग त्यानं ती पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “चुकलं, बाई.” मी सगळ्यांना वाढलं. ओटिसनं ओसरीवरची पिस्तुलं गुपचूप काढून कोंबड्यांच्या खुराड्यात नेली. सगळ्यांनी खाल्लं. रूफसनं दोनदा घेतला. मग ट्विगनं चमचा खाली ठेवला, घसा साफ केला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “बाई, आता उठू का?” मी मान हलवली. मग त्यानं उठून दोघांना अटक केली. त्या एप्रिलपासूनच्या मुक्कामात त्यानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. (मिस टॉल्मन मात्र त्या दिवसापासून कुणाला काही विचारत नाहीत. मुलांना पाढेसुद्धा विचारत नाहीत. मुलं खूष आहेत.)

त्याच्या हाताला टाके मी घातले. चोरांना ठेवायला गावात तुरुंग नाही, तेव्हा ते माझ्या बटाट्यांच्या तळघरात. त्यांनाही तीन वेळा जेवण मीच द्यायचं, आणि खालून रोज आवाज येतो, “बाई, बिस्किटं काय झालीत!” (आता करपतात तरी म्हणतात. संस्कार चांगले आहेत.) आता शाईएनहून मोठे मार्शलसाहेब यायचेत. शनिवारी ते, चोर आणि हा, असे सगळे एका गाडीनं जातील. तिकडे खटला होईल, याची साक्ष होईल, आणि पुढे सरकार याला कुठे धाडेल ते सरकार जाणे.

आणि गंमत बघा. बडबड्या म्हणून ज्याला अख्ख्या गावानं ओळखलं, तो आता आमची रीत इतकी पक्की शिकला आहे की काही सांगत नाही आणि काही विचारत नाही. अजून भांडी पुसतो. काल एकच बशी किती वेळ पुसत होता कोण जाणे. मग म्हणाला,

“बाई...”

“हं.”

“वारा फिरलाय.”

“फिरला असेल.”

बस. एवढंच. मग त्यानं ती बशी फळीवर ठेवली, पुन्हा उचलली आणि पुन्हा पुसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो तुम्ही खाल्ला आहे का कधी? दोघं मिळून खाल्ला तर आणखी लागतो. पण मी म्हटलं ना, मला काळजी नाही. इथं कुणी कुणाला अडवत नाही. आला तसा जाईल. छपरावर सळ्या राहतील. माझी खाणावळ आहे, माझे नियम आहेत, सोमवारचं धुणं आहे. एकटी होते तेव्हा माझं काय बिघडलं होतं? छप्पर गळत होतं, एवढंच.

थकले आता. मोठ्यांना नमस्कार, लहानांचा पापा, आणि मांजरीला जे तुम्हाला योग्य वाटेल ते. गुडघ्यांना एरंडेल चोळत जा.

तुमची,
लव्हिनिया स्टब्स

ता. क. वर पत्रास कारण नाही असं लिहिलं ते खरं नाही. कारण आहे. आत्याबाई, तुम्ही त्याला एक पत्र लिहा. शाईएनला, मार्शलच्या कचेरीच्या पत्त्यावर. इथल्या कुणी त्याला विचारणं म्हणजे शोभा, आणि मी विचारणं म्हणजे तर पुढे गावात तोंड दाखवायला नको. पण तुम्ही ओहायोत आहात, शिवाय आत्या आहात, तुम्हाला रीत लागू नाही. तुम्ही तुमच्या पद्धतीनं सगळं विचारा. मनात काय आहे, बायको कुठे आहे का, चर्चला जातो का, हिवाळ्यात कुठे राहणार, आणि एखाद्या बाईची स्वतःची खाणावळ असेल आणि ती तिथून हलणार नसेल, घर तिच्याच नावावर राहणार असेल, तर असल्या घरात राहायला त्याची काही हरकत आहे का. हे शेवटचं जरा ठळक लिहा. पाकिटावर नाव काय घालायचं हा मोठाच पेच आहे, कारण ट्विग हे त्याचं नाव नाही हे उघड आहे, आणि खरं काय ते अजून कुणी विचारलेलं नाही. मी तर नाहीच. ‘खाणावळीत भांडी पुसणारे डेप्युटी’ एवढं घातलंत तर पोचेल. उत्तर आलं की मला लगेच कळवा. मी वाट बघत नाही आहे, पण कळवा.

ता. क. दुसरा. पत्र टाकायचं राहिलं. ओटिसच्या गाडीचं चाक मोडलं होतं, टपाल अडकून पडलं. आज शनिवार आहे, दुपार आहे, आणि तुम्ही आता त्याला पत्र लिहायची गरज नाही. सकाळी गाडी जोडली. मार्शलसाहेब आत बसले, यार्डली बंधू हातकड्यांसकट टपावर, ओटिस लगाम धरून, आणि ओसरीवर निम्मं गाव. हा हातात टोपी घेऊन माझ्यापुढे उभा. म्हणाला, “बाई...” मी म्हटलं, “हं.” तो म्हणाला, “पाऊस येईलसं वाटतंय.” आत्याबाई, आकाशात ढगाचं नाव नव्हतं. मी त्या निरभ्र आकाशाकडे पाहिलं, आणि मला एकदम इतका थकवा आला, इतका, की रीतीभातीपुरतंही अंगात बळ उरलं नाही. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, “मिस्टर ट्विग, तुम्ही परत येणार आहात का? आणि माझ्याशी लग्न करणार आहात का?”

ओटिसनं टोपी तोंडावर ओढली. फिंच दुकानात पळाला. टपावर क्लेम यार्डलीनं शरमेनं तोंड फिरवलं, म्हणजे घोडे चोरणाऱ्याला माझी लाज वाटली. याचे ते मोठे कान लालभडक झाले. मला वाटलं आता हा गाडीत चढणार आणि मी उरलेला जन्म पडद्यामागून वाढणार. पण त्यानं टोपी खाली टाकली आणि म्हणाला, “एप्रिलपासून वाट बघतोय हो. म्हटलं, कुणीतरी, कधीतरी, मला काहीतरी विचारेल.”

येतो आहे. साक्ष झाली की नोकरी सोडून, बर्फ पडायच्या आत. (नोकरी सोडावी असं वरच्यांचंही मत आहे म्हणे. गुप्त कामाला तो योग्य नाही.) घर कुणाच्या नावावर आहे हे मी सांगू लागले तर म्हणाला, ‘दारावर तुमचंच नाव आहे, वाचता येतं मला.’ मग काय, भीड चेपली. एवढी बदनामी झालीच आहे तर म्हटलं आणखी एक विचारून घ्यावं. विचारलं, “बरं, तुमचं खरं नाव काय?” त्यानं इकडे तिकडे पाहिलं, जवळ आला आणि माझ्या कानात सांगितलं.

आत्याबाई, ट्विगच बरं होतं.